चूक आपली नव्हे, ॲपची

(आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातील काही वाक्ये तशीच ठेवली आहेत.)



मी इथे वक्ता म्हणून उभा नाही. विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे, एवढाच माझा अधिकार. आज मी आपणांकडे काही मागायला आलो आहे. वर्गणी नाही, घाबरू नका. मला तुमच्यापैकी ३० माणसे पाहिजेत, त्यांचे मोबाईल पाहिजेत आणि त्यांचे १४ दिवस पाहिजेत. रोज दहा-पंधरा मिनिटे. कशासाठी, ते आता सांगतो.

माझी पुतणी पुण्याला नोकरी करते, हे बहुतेकांना माहीत आहे. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून मोबाईलवर पुस्तके वाचायचे एक ॲप तयार केले. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते घेतलेही होते, व्हॉट्सॲपवरून फाइल आली होती ती. आपल्या कपाटात एका पुस्तकाची एकच प्रत. वर्षावासात ग्रंथवाचन सुरू झाले की वाचणारा वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला घरी जाऊन तेच पान पुन्हा बघावेसे वाटले तर प्रत मिळणार कशी? तेव्हा ज्या पुस्तकांचे हक्क मोकळे झाले आहेत ती तरी प्रत्येकाच्या फोनवर असावीत, असा साधा विचार त्यामागे होता.

विचार चांगला, पण ॲप चालले नाही. का चालले नाही, हीच आजची खरी गोष्ट आहे.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. नाव सांगत नाही, त्या इथेच बसल्या आहेत आणि मला नंतर बोल लावतील. साक्षरतेच्या वर्गात त्या वयाच्या पन्नाशीला अक्षर शिकल्या. वर्षावासात त्यांची वाचायची पाळी आली की आदल्या रात्री ते पान चारदा वाचून येतात. नातवाने त्यांच्या फोनवर ॲप टाकून दिले, अक्षर मोठे करून दिले. आजी आठ-दहा दिवस वाचत होत्या. मग एकदम बंद. विचारले तर म्हणाल्या, “माझ्याच हाताला कळंना बाबा. जरा फोन हलला की पयल्या पानावर जातंय. ह्ये काय आपलं काम न्हाई.”

मी ऐकले आणि मान डोलावली. मलाही तेच वाटले, की आजींचे वय झाले, बोट कुठेतरी चुकीचे लागत असेल.

दिवाळीला पुतणी आली. ती आजींच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, “आज्जी, तुम्ही वाचा, मी नुसती बघते.” आजींनी चष्मा लावला, पुस्तक उघडले, वाचता वाचता उजेडासाठी फोन आडवा केला, आणि पुस्तक पहिल्या पानावर गेले. पुतणीचा चेहरा पडला. फोन उभ्याचा आडवा झाला की वाचकाचे पान विसरायचे, ही ॲपमधली चूक होती. आजींचे बोट बरोबर होते.

मग आम्ही घरोघर विचारत गेलो, तेव्हा कळले की हे सगळ्यांच्याच फोनवर होत होते. पाच महिने होत होते. आणि पाच महिन्यांत एकाही माणसाने तक्रार केली नव्हती! शिक्षक असलेल्यांनी नाही, बँकेत असलेल्यांनी नाही, मी तर नाहीच. प्रत्येकाने मनात धरले की आपल्यालाच येत नाही.

बंधू-भगिनींनो, ही सवय कुठून आली ते तुम्हाला मी सांगायला नको. अक्षर हे आपले काम नव्हे असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले, त्यांच्या हातात पुस्तक उघडेनासे झाले की ते आधी स्वतःलाच दोष देतात. पण फक्त आपलेच असे आहे असेही नाही. मी ज्या कचेरीत कारकून होतो तिथे पहिल्यांदा संगणक आला तेव्हा आठवडाभर आडनावांची अक्षरे फुटून छापली जात होती, आणि आम्ही सहाही कारकून जातीपातीचा भेद न करता एकमुखाने म्हणत होतो, की आपलाच टाइप चुकतोय. यंत्र समोर आले की माणूस लहान होतो. ते यंत्र ज्याने केले त्याने आम्हाला कधी विचारलेच नव्हते.

या मुलींनी मात्र विचारायचे ठरवले आहे. जुने ॲप मोडून त्यांनी नवे रूप दिले आहे, आणि सगळ्यांना खुले करण्याआधी ते आपल्या हातात देत आहेत. याला त्यांच्या भाषेत ‘बीटा’ म्हणतात. घरातली बाई आमटीत मीठ बघायला कुणाला तरी चमचाभर देते ना, तसे. वाढण्याआधी चव बघायची. वाढल्यानंतर सांगून उपयोग नसतो.

आता ३० माणसेच का? ॲप आता व्हॉट्सॲपच्या फाइलने वाटायचे नाही असे ठरले. लग्नपत्रिकेच्या नावाने अशाच फाइली पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार झाले आहेत, तेव्हा अनोळखी फाइल उघडायला लोक भितात, आणि भ्यायलाच पाहिजे. म्हणून ते प्ले स्टोअरवरून द्यायचे. तिथे नोंदणीची २५ डॉलर फी एकदाच भरावी लागते, ती मुलींनी आपल्या पगारातून भरली. पण खासगी माणसाने नव्याने खाते उघडले असेल तर गूगलचा एक नियम आहे, की ॲप सर्वांना खुले करण्याआधी किमान १२ माणसांनी सलग १४ दिवस परीक्षक म्हणून राहिले पाहिजे. २०२३ च्या शेवटी हा नियम आला तेव्हा २० माणसे लागत, डिसेंबर २०२४ पासून १२ झाली. मधेच कुणी नाव काढून घेतले आणि आकडा १२ च्या खाली गेला की काम अडते. आपल्याकडे पाहुणेरावळे, जत्रा, डाळिंबाची तोडणी, काय काय निघते. म्हणून ३० मागतो आहे, म्हणजे १२ तरी टिकतील.

हे झाले गूगलचे. माझे म्हणणे वेगळे आहे. १२ माणसे पुण्यातही मिळतील. मुलींच्या ऑफिसात एका मजल्यावर मिळतील. पण त्या बाराही जणांचे फोन नवे, नेट जोरात, डोळे तरुण. त्यांच्या हातात ॲप उत्तम चालेल आणि आजींच्या हातात पुन्हा पहिल्या पानावर जाईल. ज्यांचा फोन जुना आहे, काच फुटलेली आहे, स्टोरेज सुप्रभातच्या चित्रांनी भरलेले आहे, माळावर गेले की ज्यांची रेंज जाते, असे परीक्षक आटपाडीतच मिळतात! गलाईच्या कामावर परमुलखात असलेल्या आपल्या मुलांनाही घ्यायचे आहे. दुकानाच्या पोटमाळ्यावर रात्री साडेदहाला ते कसे चालते तेही कळले पाहिजे.

कुणी विचारेल, नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, विकिस्रोत आहे, मग हे तिसरे कशाला? रास्त प्रश्न आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभी केलेली ती राष्ट्रीय लायब्ररी १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झाली, तिच्यात अफाट साहित्य आहे, आपल्या कॉलेजच्या मुलांनी ती जरूर वापरावी. मराठी विकिस्रोतावर महात्मा फुल्यांचे लेखन फुकट वाचता येते. पण जुन्या पुस्तकांची पुष्कळशी फाइल म्हणजे पानाचा फोटो असतो. फोटो बोटभर पडद्यावर वाचायचा म्हणजे एकेक ओळ डावीउजवीकडे सरकवत बसायचे. आणि जाड पुस्तकाची अशी फाइल सहज पन्नास-शंभर एमबी भरते. तेच पुस्तक अक्षर-अक्षर मजकूर म्हणून घातले तर एक-दोन एमबीत बसते, अक्षर हवे तेवढे मोठे होते, ओळी आपोआप नीट बसतात. शिवाय एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालते. या मुलींचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेतून बोलावून घेतले, आणि त्या संस्थानात खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. एक पेटी वाचून झाली की ती परत, दुसरी हजर. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले. मी फोनकडे बघतो तेव्हा मला ती लाकडी पेटी आठवते. पेटीचे झाकण खेड्यातल्या माणसाला उघडता आले पाहिजे, एवढेच बघायचे असते.

आता मजकूर म्हणून पुस्तक घालायचे म्हणजे काय काय अडचणी येतात, ते ऐकण्यासारखे आहे. जुन्या छापील पानाचा फोटो काढून संगणकाला ‘वाच’ म्हणायचे. तो वाचतो, पण पहिलीतल्या पोरासारखा. ‘ध’ चा ‘घ’ करतो. धम्माचा ‘घम्म’ झालेला मी स्वतः पाहिला आहे, आणि तो एका पानावर सात वेळा! ‘भ’ चा ‘म’ होतो, ‘ब’ चा ‘व’ होतो. ‘ख’ चे ‘रव’ होते, म्हणजे आपल्या खरातांचे ‘रवरात’ करून टाकले. या चुका यंत्राला सापडत नाहीत, भाषा येणाऱ्या माणसालाच सापडतात.

दुसरी गंमत ‘शेतकऱ्याचा असूड’ची. जोतीरावांच्या या पुस्तकाच्या नावातच एक ‘ऱ्या’ आहे. हा ‘ऱ्या’ मराठीचा खास. काही फोनवर त्याचा रफार होऊन ‘शेतकर्या’ असे दिसते. पुढची अडचण तर दिसतही नाही. संगणकात हा ‘ऱ्या’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. पुस्तक एका पद्धतीने लिहिलेले आणि तुमच्या फोनचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीने लिहिणारा असला, की शोधा म्हटल्यावर उत्तर येते, “काहीही सापडले नाही.” पुस्तक तिथेच पडलेले असते! वाचणारा म्हणतो, मला लिहिता येत नाही वाटते. नव्या ॲपमध्ये यावर इलाज केला आहे, असे मुली म्हणतात. तुम्ही तुमच्या फोनवर शोधून बघा आणि खरे आहे का ते सांगा. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. माझी पुतणी आहे म्हणून तर अजिबात नको.

नव्या रूपात आणखी दोन गोष्टी बदलल्या आहेत. पूर्वी बटणांची नावे इंग्रजीत होती, आता मराठीत आहेत, ‘माझे कपाट’, ‘खूण ठेवा’, ‘अक्षर मोठे’. ‘डाउनलोड’ला ‘उतरवून घ्या’ म्हणावे की डाउनलोडच ठेवावे यावर घरात भांडण झाले. मी उतरवून घ्याच्या बाजूचा, पण आमच्या सूनबाई म्हणाल्या, “मामा, डाउनलोड आता शेळ्या राखणाऱ्यालाबी कळतंय.” तेव्हा ते तुम्ही ठरवा. दुसरी गोष्ट, एका फोनवर घरातले अनेक वाचक. मुलींच्या डोक्यात एक माणूस, एक फोन असा हिशेब होता. आपल्याकडे एक फोन नवऱ्याच्या खिशात, संध्याकाळी पोरांच्या हातात आणि भांडी झाल्यावर बाईच्या वाट्याला. पोराने गोष्टीचे पुस्तक उघडले की आईची खूण पुसली जायची. आता उघडताना ‘कोण वाचणार?’ असे विचारते. हे बरोबर चालते का, ते घरातल्या बायकांनीच बघितले पाहिजे. म्हणून ३० पैकी निम्म्या तरी भगिनी असाव्यात, असा माझा आग्रह आहे. नवऱ्याने नाव द्यायचे आणि बायकोने बघायचे, असे नको. तिचे नाव द्या.

ज्यांना दिसत नाही असे आपले एक बंधू आहेत, ते फोनला बोलायला लावून सर्व व्यवहार करतात. फोटोचे पान असले की त्यांचा फोन गप्प बसतो, कारण त्याला ते चित्र वाटते. त्यांच्यासाठी सुगम्य पुस्तकालय २०१६ मध्ये सुरू झाले आहे. अंध वाचकांना उपयोगी प्रती करता याव्यात म्हणून मराकेशला जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला मान्यता देणारा पहिला देश २०१४ साली भारत होता. त्या बंधूंनी नाव दिले आहे. पहिले नाव त्यांचेच आहे.

आता पुस्तकांबद्दल. “आपल्या शंकररावांची पुस्तके त्यात का नाहीत?” हे मला किमान दहा जणांनी विचारले. शंकरराव खरात आपल्या आटपाडीचे. १९२१ मध्ये इथे जन्मलेला माणूस मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ‘तराळ अंतराळ’ आपल्या प्रत्येक घरात पाहिजे, यात वाद नाही. पण कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे असतो, आणि ती मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. शंकरराव २००१ साली गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत थांबणे आले. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचे २०२९ अखेर मोकळे होईल. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०१७ च्या सुरुवातीपासून सर्वांना खुले आहे. पण लक्षात घ्या, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मूळ इंग्रजीत आहे, आणि मराठी भाषांतराचा हक्क भाषांतरकारांचा स्वतंत्र असतो. म्हणून वर्षावासात आपण वाचतो ते मराठी पुस्तक सध्या ॲपमध्ये नाही. कुणी तरी म्हणाले, “टाकून द्या की, कोण विचारतंय?” मी नाही म्हटले. लिहिणाऱ्याच्या कष्टाचा हक्क आपणच मोडायचा, हे मला पटत नाही. वारसांची परवानगी मागू, मिळाली तर घालू. आज ॲपमध्ये जोतीरावांचे लेखन आहे, ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालेल्या ‘मूकनायक’ आणि १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’ मधले बाबासाहेबांचे मराठी अग्रलेख आहेत, इंग्रजी ग्रंथ आहेत. ‘मूकनायक’ची भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे, जड वाटेल. जड वाटले तर तेही सांगा. कठीण शब्दावर बोट ठेवले की अर्थ यावा असे करता येईल का, हे मुली बघत आहेत.

तक्रार कशी करायची, तेवढे सांगतो. डॉक्टरकडे जाऊन नुसते “बरं वाटत नाही” म्हटले तर तो काय करणार? कुठे दुखते, कधीपासून, काय खाल्ले होते, हे सांगावे लागते. तसेच “चालत नाही” एवढे पुरत नाही. फोन कोणता, पुस्तक कोणते, तुम्ही काय दाबले आणि त्यावर काय झाले, एवढे चार शब्द हवेत. लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा, आपल्या माणदेशी बोलीत पाठवा, मुलींना कळते, त्या इथल्याच आहेत. पडद्याचा फोटो पाठवलात तर उत्तम. सगळ्या तक्रारींचे लगेच काही होणार नाही. तिघीजणी नोकरी करून रात्री हे काम करतात. पण ज्या तक्रारीवर काही केले नाही, ती का केली नाही ते लिहून इथे फळ्यावर लावायचे मी कबूल करून घेतले आहे.

आणि एक सावधगिरी. ॲप तुमच्याकडे पैसे मागणार नाही, बँकेचे काही विचारणार नाही, फोनमधले नंबर बघायची परवानगी मागणार नाही. ओटीपी तर नाहीच नाही. कुणी आमच्या नावाने असे काही मागितले तर तो आमचा माणूस नव्हे. परीक्षक होण्यासाठी फक्त तुमच्या फोनवरचा जीमेलचा पत्ता लागतो. तो माझ्या वहीत राहील आणि काम झाल्यावर ते पान मी तुमच्यासमोर फाडीन.

आजी, तुमचे नाव मी न विचारता घातले आहे. क्रमांक दोनवर. तुम्ही फोन उभा-आडवा कितीही वेळा करा.

बाकीच्यांनी चहा झाला की कपाटाजवळ यावे. मी वही घेऊन बसतो, पुतणी फोनवर लिंक उघडून देईल. ज्यांच्या फोनमध्ये जागा नाही त्यांनी येतानाच सुप्रभातची चित्रे पुसून यावे, आणि ज्यांचे चार्जिंग संपले आहे त्यांच्यासाठी भंतेजींच्या खोलीबाहेर बोर्ड लावला आहे. जयभीम.